पंचनाम्याआधीची भिंत

मी भोरला ज्या खोलीत राहत होते तिचं दार फार चांगलं होतं. जाड फळ्यांचं, आतून दोन कड्या, बाहेरून मोठं कुलूप. खोली दाखवताना घरमालकांनी आधी दारच दाखवलं. मुलीच्या जातीला दार महत्त्वाचं, असं ते माझ्या वडिलांना म्हणाले. आबांनी दार दोनदा लावून-उघडून बघितलं, कड्या ओढून बघितल्या आणि मान हलवली. भिंती कुणीच बघितल्या नाहीत. भिंतीत काय बघायचं, असं आम्हाला वाटलं.

आमचा धनगरवाडा वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पठारावर आहे. सात घरं, म्हशी, गाई, थोडी शेरडं. गाडीरस्ता खाली संपतो आणि तिथून तासभराची चढण लागते. वाड्यावरून बारावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच, त्यामुळे माझ्या शिक्षणाबद्दल प्रत्येकाकडे काही ना काही मत होतं. मामांचं मत असं की मुलगी आता स्थळं बघण्याच्या वयाची आहे, रसायनशास्त्र काही पळून जात नाही. आईनं शेवटी एका अटीवर मला सोडलं. भोरला राहायचं तर बंद दाराच्या खोलीत राहायचं, आणि खोलीचं काही बिनसलं तर त्याच दिवशी घरी यायचं, ते कायमचं. वसतिगृहात मला जागा मिळाली नव्हती. रोज जाऊन-येऊन करणं पावसाळ्यात शक्यच नव्हतं. म्हणजे खोली गेली की कॉलेज गेलं, एवढं ते सरळ होतं.

घरमालक निवृत्त ग्रामसेवक होते. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत, आम्हीही म्हणत होतो. गावाबाहेर रस्त्याला लागून त्यांचा बंगला. पुढच्या बाजूला चकचकीत फरशा, स्टीलचे कठडे, फाटकावर नाव कोरलेली पाटी. मागच्या बाजूला पूर्वी त्यांचा गोठा होता. गाई विकल्यावर त्यांनी गोठ्यात आडव्या भिंती घालून तीन खोल्या काढल्या, आतून पांढरा चुना मारला आणि वर जुनेच पत्रे ठेवले. दोन खोल्यांत त्यांची अडगळ होती आणि तिसरीत मी. गोठ्यात राहण्याबद्दल माझी तक्रार नव्हती. आमच्याकडे माणसं आणि वासरं एकाच छपराखाली असतात, फक्त आम्ही त्याला 'सेपरेट रूम' म्हणत नाही.

बंगल्याच्या स्लॅबवरचं सगळं पाणी एका पाइपातून खाली येत असे आणि तो पाइप माझ्या मागच्या भिंतीच्या पायाशी सोडलेला होता. भिंत विटांची होती, पण विटा मातीत रचलेल्या. जूनपासून त्या भिंतीला ओल धरली. जुलैत चुन्याचे पापुद्रे सुटले. मी भाऊसाहेबांना दोनदा सांगितलं. खरं म्हणजे सांगितलं असं म्हणवत नाही. मी त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाले की भिंत जरा ओली वाटते. ते म्हणाले, पावसाळा आहे. मी म्हणाले, हो भाऊसाहेब. दोन्ही वेळा एवढंच झालं.

ऑगस्टातल्या झडीत ती भिंत पडली. माझ्या अंगावर पडली नाही, कारण मी प्रॅक्टिकलला गेले होते. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढं भाऊसाहेबांनी ज्याला त्याला हेच ऐकवलं, की कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मी प्रॅक्टिकलला गेले हीसुद्धा त्यांनीच घेतलेली खबरदारी असावी, असं ऐकणाऱ्याला वाटे.

दुपारी मी आले, कुलूप काढलं, दार उघडलं आणि समोर केळी दिसल्या. मागची भिंत गुडघ्याइतकी शिल्लक होती, बाकीची माझ्या खाटेवर होती. शेजारच्यांची एक शेळी आत उभी राहून माझी वही खात होती. शेळी कशी हाकलायची हे मला कुणी शिकवायला नको. मी तिला कानाला धरून दारातून बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. भिंतीतून काढायचं मला सुचलं नाही.

भाऊसाहेब छत्री घेऊन आले. आत पाऊल न टाकता त्यांनी उंबऱ्यातून सगळं नीट बघितलं. त्यांचा चेहरा मला दुःखी वाटला नाही. एखाद्या कामात मुरलेल्या माणसाचा चेहरा त्याचंच काम समोर आल्यावर जसा होतो, तसा तो होता.

"अंशतः," ते म्हणाले.

मला कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. अतिवृष्टीत घर पूर्ण पडलं तर एक मदत मिळते, अंशतः पडलं तर दुसरी. त्यासाठी अर्ज करायचा, मग तलाठी येतात, फोटो काढतात, पंचनामा लिहितात. नोकरीत असताना त्यांनी स्वतः असे किती पंचनामे बघितले, किती सह्या केल्या, याचा हिशेब नव्हता. आणि पंचनाम्याचा पहिला नियम असा, की तो होईपर्यंत पडलेल्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही. एक वीटसुद्धा हलवायची नाही.

मी विचारलं, पंचनामा कधी होईल. ते म्हणाले, सरकारी काम आहे. मी विचारलं, निदान खाट मोकळी करू का.

"खाट असू दे," ते म्हणाले. "फोटोत बरी दिसेल."

तेव्हापासून मी जमिनीवर झोपू लागले आणि माझी खाट विटांखाली पुरावा म्हणून राहिली.

भाऊसाहेब अगदीच निर्दय नव्हते. उघड्यावर मुलगी कशी राहणार, हे त्यांच्या पत्नीनं त्यांना बोलून दाखवलं असावं, कारण संध्याकाळी ते एक मोठा फ्लेक्स घेऊन आले. त्यांच्या निवृत्तीच्या समारंभाचा होता तो. हात जोडलेला, फेटा बांधलेला त्यांचा पुरुषभर उंचीचा फोटो, आणि वर सेवापूर्तीच्या शुभेच्छा. त्यांनी तो स्वतः पत्र्याच्या कडेला तारेनं बांधला. फोटोची बाजू त्यांनी आत ठेवली, कारण पावसानं रंग उडतो. त्यानंतरचे तीन आठवडे मी त्या जोडलेल्या हातांसमोर स्वयंपाक केला आणि अभ्यास केला. वारा आला की ते खोलीत वाकून येत आणि परत जात. इतकं नम्र मी त्यांना एरवी कधी पाहिलं नाही.

मी रोज सकाळी दाराला कुलूप लावून कॉलेजला जात होते. लिहितानाही हे मला खरं वाटत नाही, पण लावत होते. वह्या आणि कपडे पिशवीत घालून बरोबर नेत होते, म्हणजे आत चोरण्यासारखं काही नव्हतं, तरी कुलूप लावत होते. एक तारखेला भाऊसाहेब भाड्यासाठी आले तेव्हा त्यांनीही दार वाजवलं. मी मागं फडफडत्या फ्लेक्सच्या बाहेर भांडी घासत होते, खोलीच्या बाजूनं मी त्यांना आणि ते मला दिसत होते. तरी मी आत येऊन कडी काढेपर्यंत ते दाराबाहेर थांबले. भाडं त्यांनी पूर्ण घेतलं. खोली अंशतः होती, भाडं नव्हतं.

कॉलेजच्या ग्रंथालयात कायद्याचं एक जुनं पुस्तक सापडलं. ते मी चार दुपारी बसून वाचलं. त्यात अगदी साध्या शब्दांत लिहिलं होतं की जागा राहण्याजोगी ठेवणं हे मालकाचं काम. त्यानं ते केलं नाही तर भाडेकरूनं त्याला लेखी कळवावं, मुदत द्यावी, आणि तरीही त्यानं केलं नाही तर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. मला इतका आनंद झाला की मी तो उतारा वहीत उतरवून घेतला. मग आमचा करारनामा काढून बघितला. तो भाऊसाहेबांनीच लिहिला होता. भाडेकरूनं काय काय करू नये याची यादी पानभर होती. खिळे ठोकू नयेत, पाहुणे ठेवू नयेत, पाणी वाया घालवू नये, आणि सोडताना जागा जशी होती तशी परत करावी. मालकानं काय करावं, याची एक ओळही नव्हती. मालकानं फक्त मालक असावं, अशी अपेक्षा दिसत होती.

तरी मी पत्र लिहिलं. चार वेळा लिहिलं. पहिल्या पत्रात 'कायद्यानुसार' असा शब्द होता, दुसऱ्यात तो काढला, तिसऱ्यात 'विनंती' घातली आणि चौथ्यात 'आपल्या सवडीने' असंही लिहिलं. पत्र इतकं पातळ झालं की त्यात भिंत पडल्याचं शोधून काढावं लागलं असतं. भाऊसाहेबांनी ते उभ्यानं वाचलं. मग चष्मा काढून माझ्याकडे पहिल्यांदाच कौतुकानं बघितलं. घरातून पेन आणून त्यांनी पत्राच्या कोपऱ्यात 'मिळाले' असं लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली आणि एक आवक क्रमांकही घातला. तो क्रमांक एक होता. नंतर ते पत्र एका फाइलमध्ये गेलं आणि मला वाटतं अजून तिथेच असेल. त्यांच्या दृष्टीनं माझ्या तक्रारीवर जी काही कार्यवाही व्हायची ती पूर्ण झाली होती.

घरी मी काही सांगितलं नाही. आमच्याकडे एका टेकाडावरच्या दगडापाशी तेवढी मोबाईलला रेंज मिळते. आई तिथं येऊन आठवड्याला फोन करी. खोली बरी हाय न्हवं, असं विचारी. मी म्हणे, दार अगदी पक्कं आहे. हे खोटं नव्हतं. पण फोन ठेवल्यावर मला माझीच चीड येई, कारण एवढं सावध बोलायला मी भाऊसाहेबांकडूनच शिकले होते.

मग एका बाजारच्या दिवशी आबा न कळवता आले. तूप विकायला भोरला आले होते, त्यातलंच थोडं माझ्यासाठी बाजूला काढलं होतं. ते रस्त्यानं न येता शेताच्या बांधावरून मागच्या अंगानं आले, त्यामुळे त्यांना आधी फ्लेक्सची पांढरी पाठ दिसली असणार. मी कॉलेजातून परतले तेव्हा ते माझ्या खोलीत बसले होते. दाराला माझं कुलूप होतं आणि आबा आत होते.

मी भाकरी केली. ते जेवले. त्यांनी पाइपाकडे बघितलं, पायाकडे बघितलं, विटांचा एक तुकडा हातात घेऊन चुरडून बघितला.

"कदी पडली?"

मी खरं ते सांगितलं. अठरा दिवस झाले, म्हणाले. ते रागावले नाहीत. आजच्या गाडीला जायला हवं, म्हशीचं दूध काढायला आई एकटी आहे, असं म्हणून उठले. जाताना म्हणाले, "परवा येतो. हितंच ऱ्हा."

त्याचा अर्थ मी एकच लावला. दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयाची पुस्तकं परत केली. प्रयोगवही मैत्रिणीला दिली. कपड्यांची पिशवी तर रोज भरलेलीच होती. दोन महिन्यांवर सेमिस्टरची परीक्षा होती आणि मी भांडी पोत्यात भरत बसले होते. आबांनी नुसतं चल म्हटलं असतं तर मी गेले असते. भाऊसाहेबांसमोर जी तोंड उघडत नव्हती ती आबांसमोर काय उघडणार होती?

आबा परवा आले ते टेम्पोतून. मागे कारवीचे दोन कूड आडवे घातले होते. कारवीच्या काठ्या एकमेकींना वेलानं बांधून आमच्याकडे भिंतीचे असे ताटवे करतात, त्याला कूड म्हणतात. ते कूड मी ओळखले. वासरांच्या आडोशाला लावायला उन्हाळ्यात बांधून माळ्यावर ठेवलेले होते ते. आबा आणि वाड्यावरचे एक काका ते डोक्यावर घेऊन तासाची उतरण उतरले होते आणि खाली दुधाच्या टेम्पोवाल्याला गळ घालून, नसरापुरावरून वळसा घालत इथवर आले होते.

मला न्यायला ते आलेच नव्हते. आमच्याकडे भिंत पडली की भिंत उभी करतात. घर सोडून जायचं कुणाच्या मनात येत नाही, आणि घर कुणाचं हेही कुणी विचारत नाही. जो आत निजतो तो बांधतो. आबांना भाडं म्हणजे काय ते कळत होतं, पण भाडं दिलं म्हणून भिंत दुसऱ्यानं बांधायची, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

त्यांनी आधी पाणी वळवलं. पाइपाच्या तोंडापासून केळींपर्यंत चर खणली. जे काम तीन महिन्यांत झालं नव्हतं ते चहा व्हायच्या आत झालं. मग विटा उचलून बाजूला रचल्या, माझी खाट मोकळी केली, आधाराला लाकडी मेढी रोवल्या, कूड बांधले आणि माती-शेणाचा गिलावा दोन्ही बाजूंनी थापला. मी चिखल तुडवून दिला. भाऊसाहेब त्या दिवशी मुलाकडे पुण्याला गेले होते. त्यांच्या पत्नीनं दोनदा येऊन बघितलं, चहा दिला, आणि दुसऱ्यांदा जाताना हळूच म्हणाल्या की बरं झालं बाई. फ्लेक्सची मी नीट घडी केली आणि भाऊसाहेबांचा चेहरा आत राहील असा बांधून ठेवला.

संध्याकाळी भाऊसाहेब आले. त्यांनी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मग त्यांनी विचारलं, याला हात कुणी लावला.

आबा पाय धूत होते. ते म्हणाले, म्या बांदली. चांगली बातमी सांगावी तसं म्हणाले.

मग भाऊसाहेबांनी आबांना पंचनामा समजावून सांगितला. आबा त्यांच्याच वयाचे असतील, पण ते आबांना अरे-तुरे करत होते. पुरावा नष्ट केलास, म्हणाले. तलाठी परवा येतायत, आता त्यांना काय दाखवू? उद्याच्या उद्या हे गवत काढ आणि विटा होत्या तशा पसरून ठेव. एवढं वर्षानुवर्षं आम्ही सांगत आलो, तुम्हा लोकांना अक्कल येत नाही ती नाहीच.

आबा त्यांच्याकडे निरखून बघत होते. मग म्हणाले, "भाऊसाब, तुमी आमच्या वाड्यावर आला व्हता. वादळाच्या साली."

भाऊसाहेबांना आठवत नव्हतं. मला आठवत होतं, मी तेव्हा लहान होते. वादळानं आमचं छप्पर उचलून ओढ्यात टाकलं होतं. म्हैस व्यायला झाली होती, म्हणून आबांनी आणि काकांनी दुसऱ्याच दिवशी नवं छप्पर घातलं. आठवड्यानं एक साहेब धापा टाकत वर आले, त्यांनी छपराकडे बघितलं आणि छप्पर तर आहे, असं म्हणून लिहिलं, नुकसान नाही. बाकी सहा घरांचंही तसंच. आमच्या वाड्यावर दर दोन-चार वर्षांनी काही ना काही पडतं, पण सरकारी कागदात आमच्याकडे आजवर एकही घर पडलेलं नाही, कारण कागद वर चढून येईपर्यंत थांबायचं आम्हाला जमत नाही. भाऊसाहेबांच्या मते ही आमची अक्कल कमी. असेलही. थांबायची कला त्यांच्याइतकी आमच्यात नाही हे खरं. दुसऱ्याच्या अंगावरचा पाऊस असला की थांबणं सोपं जात असावं.

कूड काढायला आबांनी नकार दिला. आवाज न चढवता म्हणाले, "आज रातच्याला पोरगी हितं निजणार हाय." आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाले.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांचा सूर बदलला होता. ते मला बाळ म्हणाले. त्यांनी सांगितलं की मदत राहत्या घराला मिळते, भाड्यानं दिलेल्या खोलीचं प्रकरण अवघड होतं. तेव्हा तलाठी मॅडम आल्या की मी त्यांची भाची आहे असं सांगायचं. भिंत परवाच पडली, आणि हा कूड म्हणजे तात्पुरता आडोसा. एवढं केलं तर दिवाळीनंतर पक्की भिंत बांधून देतो, आणि शिक्षण पूर्ण होईपर्यंत खोली माझीच.

मी रात्रभर विचार केला, असं लिहिलं तर ते बरं दिसेल. खरं म्हणजे मी लगेच हो भाऊसाहेब म्हणाले. दोन वर्षांची खोली समोर ठेवलेली होती, आणि भाची होण्यात मला फारसं काही जात नव्हतं.

तलाठी मॅडम तरुण होत्या, गमबूट घालून आल्या होत्या, दमलेल्या दिसत होत्या. सकाळपासून पडकी घरं बघत फिरत होत्या. भाऊसाहेबांनी खुर्ची मांडली, चहा मागवला, आपल्या नोकरीच्या काळातले किस्से सांगितले. मॅडमनी भिंतीला हात लावला. मातीवर अजून बोटांचे ठसे होते, माझे आणि आबांचे. भाऊसाहेब हसत म्हणाले की कुणा धनगराला दोन पैसे देऊन तेवढं आडोशाला गवत लावून घेतलं, गरिबालाही काम मिळालं.

मॅडमनी माझ्याकडे वळून विचारलं, इथं राहतं कोण.

"मी," मी म्हणाले. "मी भाडेकरू आहे. भिंत पडून बावीस दिवस झाले. ही माझ्या वडिलांनी बांधली, कुणी पैसे दिलेले नाहीत."

हे मी धैर्यानं बोलले असं कुणी समजू नये. शेवटचं वाक्य मी जमिनीकडे बघून बोलले. भाची व्हायला मी तयार झाले होते. आबांना त्यांनी दोन पैशांचा गडी केलं, तेवढं गिळता आलं नाही. मॅडम थोडा वेळ माझ्याकडे आणि थोडा वेळ भाऊसाहेबांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी फोटो काढला आणि जे समोर दिसत होतं ते लिहिलं. भिंत उभी आहे, नुकसान आढळले नाही. भाऊसाहेबांना ते वाक्य ओळखीचं असणार.

मॅडम फाटकाबाहेर जाताच त्यांनी मला खोली सोडायला सांगितली, तीन दिवसांत. करारनाम्यातलं शेवटचं कलम त्यांनी तोंडपाठ म्हणून दाखवलं. जागा जशी होती तशी परत करायची.

त्या तीन दिवसांत मी कॉलेज बुडवून सगळीकडे खोली शोधली. शेवटी कामथडीत, हायवेच्या आतल्या अंगाला, एका मावशींकडे जागा मिळाली. म्हणजे खोली नव्हतीच. घराच्या बाजूची पडवी होती, वर कौलं, तीन बाजूंना भिंत आणि चौथी बाजू उघडी. मावशी शेतात राबणाऱ्या, एकट्या. त्या म्हणाल्या, "एक बाजू न्हाई बाय तिला. माज्याकडनं माघापतूर व्हायचं न्हाई. कौलं माजी, गळलं तर म्या बगीन. पर भिंत आत्ता न्हाई जमणार." इतका पूर्ण करारनामा मी त्याआधी वाचला नव्हता. मी त्यांना म्हणाले की एक भिंत माझ्याकडे आहे.

आबा टेम्पो घेऊन आले. आईची अट मोडली होती. वाड्यावर तिला जे बोलायचं ते ती बोलली होती, मामाही बोलले होते. आबा एवढंच म्हणाले की परीक्षा झाल्यावर काय ते बघू. मग त्यांनी गिलावा झोडपून पाडला, बांध सोडले आणि कूड मोकळे केले.

भाऊसाहेब धावत आले. ते म्हणाले, ही भिंत माझ्या घराची आहे, जागेला जोडलेली वस्तू मालकाची असते.

आबा थांबलेसुद्धा नाहीत. "तुमीच म्हणला व्हता, हे गवत काड. काडतोय."

मी भाऊसाहेबांना करारनामा दाखवला. जागा जशी होती तशी. मग मी आणि आबांनी विटा उचलून त्या जिथं पडल्या होत्या तिथं मांडल्या, गुडघ्याइतक्या भिंतीच्या अलीकडे. खाट तेवढी आम्ही घेतली. फ्लेक्सची घडी उंबऱ्यावर ठेवली, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली भाऊसाहेबांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली, आणि सवयीनं कुलूप ओढून बघितलं.

पडवीत कूड बसायला संध्याकाळ झाली. एक बाजू वीतभर लांब पडली, ती आबांनी कोयत्यानं तोडून सारखी केली. मावशींनी गिलाव्याला शेण दिलं आणि स्वतः थापायला बसल्या. यंदा वासरांचा आडोसा कशाचा करणार, असं मी आबांना विचारलं. ते म्हणाले, बगू. दार म्हणून सध्या एक ताटी आहे, तिला कडी नाही, दोरी आहे. आईला मी फोनवर ते सांगितलं. मग तिनं भिंत वाळली का ते विचारलं. मी म्हणाले, अजून ओली आहे, पण पाणी दुसरीकडे जातंय.

सकाळी मी कामथडीहून एसटीनं भोरला गेले आणि मैत्रिणीकडून प्रयोगवही परत मागून घेतली.